क्लॅरीचा भाला

गावाचं नाव मी सांगणार नाही. नदी आहे, नदीच्या वळणावर गाव आहे आणि गावाच्या डोक्यावर वाळूच्या दगडाचा डोंगर आहे, एवढं पुरे. शोधत येणारे लोक हल्ली फार झालेत, त्यात आणखी भर नको.

डोंगराच्या माथ्यावर एक मोठा सपाट खडक आहे आणि त्यावर आकृत्या कोरलेल्या आहेत. मासे, वॉलबी नावाचे छोटे कांगारू, ढाली, माणसांची पावलं, आणि मधोमध दोन पुरुष उंचीची एक मानवी आकृती, हातात भाला घेतलेली. पालिकेने शेजारी पाटी लावलीय: 'शिकारी'. गावाने या शिकाऱ्याला डोक्यावर घेतलं. शाळेच्या टोप्यांवर तो, बोलिंग क्लबच्या बिअरच्या ग्लासांवर तो, पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या भांडी पुसायच्या फडक्यांवरही तोच. ज्यांच्या पूर्वजांनी तो खडक कोरला त्यांना त्याच बोलिंग क्लबात परवापरवापर्यंत पाऊल टाकता येत नव्हतं, पण शिकारी मात्र ग्लासावर चढून आत जाऊन बसला होता.

व्हर्ना टॅगर्टचं म्हणणं वेगळं होतं. तो शिकारी नाहीच, ती बाई आहे. आणि तो भाला तिच्या थोरल्या भावाने, क्लॅरीने, गाढवासारखा चुकून कोरलाय.

हे तिने कुठे सांगितलं नाही? पोस्टाच्या रांगेत सांगितलं, शाळेच्या बक्षीस समारंभात उठून सांगितलं, स्थानिक पेपरात इतक्यांदा छापून आणलं की संपादक तिचं पाकीट न उघडताच ओळखायचा. पेपरात एकदा तिचा फोटोही आला होता, खडकावर उभी राहून बोट दाखवतानाचा. पालिकेचं उत्तर दरवेळी तेच. एका नगरसेवकाने तर भर सभेत म्हटलं होतं, "लहानपणी घरातून नेलेली बाई ती, आश्रमात वाढली. तिला काय ठाऊक असणार?" सभेत लोक मान डोलावत होते. तिला घरातून नेलं कुणी, हे मात्र त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

नेलं सरकारनेच, काळ्यांची पोरं गोऱ्यांसारखी वाढवायची म्हणून. व्हर्ना नऊ वर्षांची होती आणि धाकटी रूबी जेमतेम चालत होती. एक गाडी आली, टोपी घातलेली बाई आली, सोबत पोलीस आला. क्लॅरी खेकड्यासारखा खारफुटीच्या चिखलात शिरला म्हणून वाचला. पोरींना पळता आलं नाही. आश्रमात व्हर्नाला इस्त्री करायला, चांदी घासायला आणि देवाचे आभार मानायला शिकवलं गेलं. मग एका डॉक्टरच्या घरी मोलकरीण म्हणून ठेवलं. आई गेली तेव्हा डॉक्टरच्या बायकोने निरोप दाबून ठेवला, कारण घरात पाहुणे यायचे होते. व्हर्ना गावी परतली तेव्हा आईच्या मातीवर गवत उगवलं होतं. आईकडून तिला मिळालेलं एकच होतं. गाडी येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात आईने तिला खडकावर नेलं होतं, ओला तळवा त्या रेघेवर फिरवला होता आणि म्हटलं होतं, "ही बाई आहे. ही आपली आहे."

तेवढ्या एका वाक्यावर व्हर्ना जगली. आणि ते वाक्यही भावाने खोडून टाकलं.

क्लॅरी तेव्हा पालिकेच्या रस्त्याच्या कामावर होता. डोंगरावर पर्यटकांसाठी गाड्या लावायची जागा केली होती आणि साहेबांना खडकावरच्या रेघा फिक्या वाटत होत्या. लोक एवढ्या लांबून येतात आणि काही दिसत नाही, मग उजळा. ज्या रेघा पिढ्यानपिढ्या हाताने, दगडाने, पाणी टाकून घासल्या होत्या त्या ग्राइंडरने उजळा! मुकादमाने खडू क्लॅरीच्या हातात दिला आणि म्हणाला, "तू काळाच आहेस ना? मग तुला ठाऊक असेल कुठली रेघ कुठे जाते." क्लॅरीने खडूने रेघ ओढली, मागून ग्राइंडर फिरला, आणि बाईच्या हातात भाला आला. पोटाजवळच्या दोनतीन रेघाही भलतीकडेच वळल्या.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात. आमच्याकडचा दगड पिवळट आहे आणि त्यावरची रेघ पालिकेला वाटेल तशी बदलते.

त्या दिवसापासून व्हर्ना भावाला नावाने हाक मारत नव्हती. आंधळ्या म्हणायची. "आंधळ्या, मीठ दे." "आंधळ्याला विचारा, त्याला सगळं दिसतं." ख्रिसमसच्या जेवणाला वीस माणसं बसलेली असायची आणि ती हातातला काटा उगारून विचारायची, "हा काय आहे, आंधळ्या? काटा की भाला? नीट बघून सांग हो." पोरं खो खो हसायची. क्लॅरी मासा सोलत राहायचा. सुरुवातीला एकदा तो म्हणाला होता, "गप्प बस, व्हर्ना," बस्स, तेवढंच. त्यानंतर त्याने तोंड उघडलं नाही, आणि व्हर्नाने त्याचा अर्थ घेतला की चोराला बोलायला तोंडच नाही.

गावात व्हर्नाला सगळेच मावशी म्हणतात. पण खरी मावशी ती किर्राची. रूबी गेली तेव्हा किर्रा पाळण्यात होती. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात, ते या घरात अक्षरशः घडलं. व्हर्नाने पोरीला वाढवलं, शिकवलं, आणि ती पालिकेत वारसा विभागात नोकरीला लागली तेव्हा रडत रडत सांगितलं, "आता आतून सांग त्यांना. माझं बाहेरून ओरडणं ऐकू जात नाही."

किर्राने आतून सांगितलं. आणि एक दिवस पालिकेने चक्क ऐकलं.

ब्रेंडन हार्कर, किर्राचा साहेब, स्वतः व्हर्नाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. माणूस सज्जन. सज्जनांचा त्रास असा की त्यांना शिवी देता येत नाही. बसल्याबसल्या त्याने आधी या भूमीच्या मूळ मालकांना, त्यांच्या गतकाळातल्या आणि आजच्या ज्येष्ठांना वंदन केलं. हे वंदन हल्ली सगळीकडे चालतं. मूळ मालकांना हात जोडायचे आणि त्यांच्या घराच्या किल्ल्या आपल्या खिशात चाचपून पाहायच्या.

"झालं?" व्हर्ना म्हणाली. "आता चहात साखर किती ते सांग."

किर्रा हसू दाबत होती. खिडकीशी क्लॅरी फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसला होता.

ब्रेंडनने लॅपटॉप उघडला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एक सर्वेक्षक या डोंगरात फिरला होता आणि त्याने खडकावरच्या आकृत्या मोजून कागदावर काढल्या होत्या. ती चित्रं एका संग्रहालयाच्या कप्प्यात सापडली होती. मधल्या आकृतीच्या हातात भाला नव्हता.

"तुम्ही बरोबर होता, मावशी," ब्रेंडन म्हणाला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. "इतकी वर्षं तुम्ही बरोबर होता, आणि आम्ही तुमचं ऐकलं नाही. माफ करा."

व्हर्ना खुर्चीत मागे टेकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका गोऱ्या माणसाने तिच्या टेबलाशी बसून तिला बरोबर म्हटलं होतं. तिने किर्राचा हात धरला. मग वळून म्हणाली, "ऐकलंस का रे, आंधळ्या?"

क्लॅरीने मान वर केली नाही.

ब्रेंडनने पुढचा बेत सांगितला. भाल्याची रेघ बुजवायची. मूळ रेघा नव्याने उघड्या करायच्या. खडकाच्या भोवती काचेचा पूल, म्हणजे लोकांना सगळ्या बाजूंनी नीट पाहता येईल. संध्याकाळी दिवे. मोठा पडदा, त्यावर ती बाई कोण, काय करतेय, हे हलत्या चित्रांतून समजावून सांगायचं. आठवड्याने बोलिंग क्लबच्या सभागृहात नगरसेवकांची जाहीर बैठक होती. तिथे ज्येष्ठ म्हणून व्हर्नाने उभं राहून आकृती बाईची आहे एवढं सांगितलं की मंजुरी मिळणार होती.

"आणि ही इथली रेघ पाहा," ब्रेंडनने पडद्यावर, आकृतीच्या पोटाजवळ बोट ठेवलं. "यावरून आमच्या तज्ज्ञांना असं वाटतं की ही बाई..."

क्लॅरी उठला. इतक्या झटक्यात उठला की खुर्ची आडवी झाली आणि जाळं पायात गुंतलं. ते फरपटतच तो दाराबाहेर गेला.

"लाज वाटली," व्हर्ना म्हणाली. "वाटू दे. उशिरा का होईना."

ब्रेंडन आणि किर्रा गेले तरी क्लॅरी परत आला नाही. मग अंगणातून पिकअपचा हॉर्न वाजला. थांबून पुन्हा वाजला. व्हर्ना हात पुसत बाहेर आली.

"गाडीत बस," क्लॅरी म्हणाला.

"कशाला?"

"डॉटकडे."

"त्या म्हातारीकडे? ती मला दारात उभं करत नाही. मी नाही येत."

"व्हर्ना." त्याने स्टिअरिंगवरचा हात काढून तोंडावरून फिरवला. "माझ्यासाठी बस."

भावाने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. ती बसली.

डॉट नदीच्या वरच्या अंगाला, मातीचा रस्ता संपतो तिथे राहायची. आईची चुलत बहीण, नव्वदीच्या घरातली. क्लॅरीने फाटकापाशी गाडी वळवली आणि घराकडे पाठ करून उभी केली. मग रेडिओ लावला. घोड्यांच्या शर्यतीचं वर्णन चाललं होतं. त्याने आवाज इतका वाढवला की कुत्री भुंकायला लागली.

डॉट ओसरीवर सुजलेले पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसली होती.

"आलीस? बस. त्या कुत्र्याला ढकल खाली."

"याने आणलं मला," व्हर्ना उभ्याउभ्याच म्हणाली. "का आणलं ते सांगत नाही. तोंडात गुळणी धरून बसलाय."

"तो कसा सांगेल? पुरुष आहे तो."

व्हर्ना बसली.

"त्या खडकाबद्दल तुझ्या आईने तुला काय सांगितलं होतं?" डॉटने विचारलं.

"ही बाई आहे म्हणून. आपली आहे म्हणून. सगळ्या गावाला ठाऊक आहे ते."

"हो ना. सगळ्या गावाला. आणि पुढे काय म्हणाली?"

"पुढे काही नाही."

"आठव."

कुत्रं पुन्हा वर चढून बसलं. फाटकाकडून निवेदकाचा आवाज टिपेला पोचला होता. व्हर्नाला खडकाचा चटका आठवला, आईचा ओला तळवा आठवला, आणि आई तिचा हात धरून खाली उतरताना जे म्हणाली होती तेही. त्याला काही अर्थ असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. सगळ्याच आया सगळ्याच पोरींना तसं म्हणतात.

"म्हणाली, बाकीचं तू मोठी झालीस की."

"मग? झालीस ना मोठी? केस पिकले की गं तुझे. विचारायला आलीस कधी?"

"कुणाला विचारणार होते, मावशी?" व्हर्नाचा आवाज चढला. "आई मेली तेव्हा मी दुसऱ्यांचे चमचे घासत होते! मला मातीलाही येऊ दिलं नाही!"

"मी होते ना."

"तू मला दारातून परत पाठवलंस!"

"तू दारात आलीस तेव्हा तुझ्या हातात पेपर होता, पोरी. त्यात तुझा फोटो होता, बोट दाखवतानाचा. ज्या गोष्टीपुढे पुरुषांनी मान खाली घालायची, ती तू दुधाच्या बाटलीसारखी घरोघर पोचवत होतीस. मला वाटलं, आश्रमातल्या बायांनी हिला पुरतं गोरं करून टाकलं." डॉटने पाय पाण्यातून बाहेर काढले. "चुकलं माझं. तुला अर्धंच ठाऊक आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आईने अर्धंच सांगितलं आणि तेवढ्यात गाडी आली, होय ना? पुढे सरक. कान इकडे कर."

मग डॉटने बाकीचं सांगितलं. ते काय होतं ते इथे लिहिलेलं नाही. ते माझ्यासाठी नाही आणि तुमच्यासाठीही नाही.

ऐकून झाल्यावर व्हर्नाने शिव्या द्यायला सुरुवात केली. टोपीवाल्या बाईला दिल्या, पोलिसाला दिल्या, निरोप दाबून ठेवणाऱ्या डॉक्टरच्या बायकोला दिल्या, कागद घेऊन डोंगरात फिरणाऱ्या त्या सर्वेक्षकाला दिल्या. त्यांनी तिला आईपासून नेलं, एवढंच तिला आजवर वाटत होतं. पण त्यांनी तिच्या तोंडात अर्धं वाक्य ठेवून तिला परत पाठवलं होतं, आणि जन्मभर ती तेच अर्धं वाक्य घेऊन स्वतःच्या आईच्या विरुद्ध ओरडत फिरली होती. तिची चूकसुद्धा तिची नव्हती. तीही त्यांनीच घडवलेली होती, आणि भोगायची मात्र तिने.

"किर्राला सांगायचं झालं तर?" जाताना तिने विचारलं.

"खडकावर सांगायचं. दुसरीकडे कुठे नाही. आणि आसपास पुरुष नको."

ती गाडीत बसली. क्लॅरीने रेडिओ बारीक केला.

"मुद्दाम केलंस ना?" ती म्हणाली. "भाला. मुकादमाने खडू दिला तेव्हा. तिला झाकायला."

क्लॅरी रस्त्याकडे बघत होता.

"इतकी वर्षं मी तुला आंधळा म्हणते. एकदा तरी म्हणायचंस की गप्प बस म्हणून."

"म्हणालो होतो. तू बसतेस?"

ती हसली, आणि हसताहसता रडू फुटलं. क्लॅरीने खिशातला मळका रुमाल तिच्या मांडीवर टाकला.

"आपला घोडा शेवटून दुसरा आला," तो म्हणाला. त्या विषयावर त्याला बोलता येणार होतं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी व्हर्नाने ब्रेंडनला फोन केला आणि काम थांबवायला सांगितलं.

"का, मावशी? काय झालं?"

"ते सांगता येत नाही."

"म्हणजे, ही गोष्ट गोपनीय स्वरूपाची आहे का?" त्याने अगदी हळुवारपणे विचारलं. "तशी तरतूद आहे हो आमच्याकडे. तुम्ही ती माहिती समितीला द्यायची. समिती तपासेल की ती खरोखर गोपनीय आहे का."

"समितीत कोण असतं?"

"तज्ज्ञ असतात. दोन प्राध्यापक आणि एक वकील."

"पुरुष?"

"सध्या... हो. पण अत्यंत संवेदनशील आहेत सगळे."

व्हर्नाने फोन ठेवला. गुपित आहे हे सिद्ध करायला ते तीन पुरुषांना सांगायचं, मग ते मान डोलावून म्हणणार की हो बुवा, हे कुणाला सांगण्यासारखं नाही! असला कायदा करायला फार शिकलेली माणसं लागतात. साध्या माणसाच्या हातून होत नाही ते.

तिच्या हातात एकच उपाय उरला होता, आणि तो तिला जेवू देत नव्हता. किर्राला आधी सांगावं तर खडकावर पालिकेची मोजणी करणारी माणसं दिवसभर बसलेली. आणि सांगून तरी काय? नोकरी पालिकेची, मग पोरीलाही साहेबासमोर खोटं बोलावं लागलं असतं. व्हर्ना एकटीच काय ते करणार होती.

बैठकीच्या दिवशी बोलिंग क्लबचं सभागृह भरलं होतं. टेबलावर सँडविच होती, खोबऱ्यात घोळवलेले केकचे तुकडे होते. पेपरवाला कॅमेरा घेऊन पुढे बसला होता. आधी वंदन झालं. मग ब्रेंडनने पडद्यावर सर्वेक्षकाचं चित्र दाखवलं. शेवटच्या रांगेत बसलेल्या क्लॅरीने टोपी डोळ्यांवर ओढली. व्हर्नाला वाटलं, हा जन्मभर असाच बसलाय आणि आपण कधी पाहिलं नाही.

किर्राने मावशीला हाताला धरून माइकपाशी आणलं. नव्या ड्रेसमध्ये ती थेट रूबीसारखी दिसत होती.

"माझं नाव व्हर्ना टॅगर्ट," व्हर्ना म्हणाली. "मी तुम्हाला चाळीसेक वर्षं सांगत आलेय की ती आकृती बाईची आहे." ती थांबली. "माझं चुकलं. तो पुरुष आहे. शिकारी आहे, आणि त्याच्या हातात आहे तो भालाच आहे."

कुणीतरी चमचा खाली पाडला. किर्राने मावशीचा हात सोडला.

"मावशी," ब्रेंडन कसाबसा म्हणाला, "पण हे चित्र..."

"किती वाजता काढलं त्याने?"

"काय?"

"चित्र, बाबा. सकाळी काढलं की भर दुपारी?"

"ते... त्यावर लिहिलेलं नाही."

"दुपारच्या उन्हात त्या खडकावर तुम्हाला तुमचं स्वतःचं नाव दिसणार नाही. तिरपं ऊन लागतं. भाल्याची रेघ बारीक होती, त्या बापड्याला दिसली नाही. माझ्या भावाला दिसली. तिकडे मागे बसलाय तो. त्याने होतं तेच कोरलं, आणि मी त्याला आंधळा म्हणत राहिले."

"पण तुम्ही इतक्या ठामपणे..." ब्रेंडनने पडद्याकडे पाहिलं. "तुम्हाला तर तुमच्या आईने..."

व्हर्नाने दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरला. तिला तोच नगरसेवक समोर दिसत होता, आता टक्कल पडलेला, केक खात असलेला. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "लहानपणी घरातून नेलेली बाई मी, आश्रमात वाढले. मला काय ठाऊक असणार?"

तो नगरसेवक मान डोलावत होता. आपणच कधीतरी हे बोललो होतो, हेही त्याला आठवत नव्हतं.

मग हशा सुरू झाला, आधी मागून, मग सगळीकडून. कुणी म्हणालं, एवढा खर्च वाचला. कुणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. ठराव बारगळला, पाटी आहे तशीच ठेवायचं ठरलं. मुळातच ज्याला पुलाचा खर्च नको होता तो अध्यक्ष तर व्हर्नाचा हात हातात घेऊन म्हणाला की चूक कबूल करायला फार मोठं मन लागतं. तिने हात सोडवून घेतला आणि त्याच्यादेखत स्कर्टला पुसला.

किर्रा बाहेर गाड्यांच्या मधोमध उभी होती.

"मला तोंडघशी पाडलंस तू, मावशी," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. तुझ्यासाठी केलं होतं मी हे. लहानपणापासून तू हेच सांगत आलीस मला, झोपताना, जेवताना, आणि आज..."

"हो."

"हो काय? का?"

"आत्ता नाही सांगता येत."

"मग कधी?"

व्हर्नाच्या आईने म्हटलं होतं तेच तिच्या तोंडात आलं होतं. तिने ते गिळलं. पोरीला बाकीचं नंतर म्हणून कधी ठेवायचं नसतं, गाडी केव्हा येईल सांगता येत नाही.

"मोजणीवाले गेले की लगेच," ती म्हणाली. "रविवारी. मी हॉर्न वाजवायला सांगीन."

पेपरात मथळा आला: 'शिकारी पुरुषच, मावशींची कबुली'. पोस्टातली पोरंसोरं विचारायची, "काय मावशी, आज काय, बाई की बुवा?" व्हर्ना, जिने आयुष्यात एकही टोमणा व्याजासकट परत केल्याशिवाय सोडला नव्हता, ती तिकीट चिकटवून निमूट बाहेर पडायची. रागाने तिचे कान तापायचे. खरं बोलली तेव्हा वेडी ठरली होती आणि खोटं बोलली तेव्हा शहाणी, म्हणजे या गावाला तिच्याकडून खरं कधी हवंच नव्हतं. हा राग तिच्या मनातून आजही गेलेला नाही, आणि जावा असं मलाही वाटत नाही.

रविवारी क्लॅरीने हॉर्न वाजवला. किर्रा आली, पण काचेकडे तोंड करून बसली.

खडकावर एक पर्यटक जोडपं होतं. नवरा भाल्याच्या टोकाशी उभा राहून फोटो काढून घेत होता. बायको पाटी वाचत होती, मग आकृतीकडे बघत होती, मग पुन्हा पाटीकडे. तिने व्हर्नाला पाहिलं आणि जवळ आली.

"तुम्ही इथल्याच का हो? नाही, मला उगाच वाटलं... ही आकृती नीट पाहिली तर बाईसारखी वाटते ना?"

किर्राने झटकन मावशीकडे पाहिलं.

"बाई?" व्हर्ना म्हणाली. "एवढा मोठा भाला दिसत नाही तुम्हाला? आंधळ्या आहात काय?"

बायको ओशाळली. नवऱ्याने कॅमेरा बंद केला आणि दोघं घाईघाईने गाडीकडे गेली. त्यांच्या गाडीची धूळ बसेपर्यंत व्हर्ना थांबली. मग तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, खडकावर गुडघे टेकले आणि हात ओला केला.

"ये, पोरी," ती म्हणाली. "इथे बस माझ्याजवळ. आज सगळं सांगते."

मागे क्लॅरीने पिकअप वळवून खडकाकडे पाठ केली आणि रेडिओचा आवाज वाढवला.